सालबाईचा तह आणि नानांचा थांबलेला शिक्का

नमस्कार श्रोतेहो. १७ मे १७८२. ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी महादजी शिंदे आणि इंग्रजांचा वकील डेव्हिड अँडरसन यांनी तह ठरवला. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवण्यासाठी इंग्रजांनी सुरू केलेलं, सात वर्षं चाललेलं युद्ध त्यानं मिटायचं होतं. वडगावला १७७९ मध्ये इंग्रज फौज शरण आली होती. पण पुढच्याच वर्षी ग्वाल्हेरचा किल्ला आणि वसई इंग्रजांनी घेतली. दोन्ही बाजू थकल्या होत्या.

इंग्रजांनी राघोबांची बाजू सोडली. दादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली आणि आठ वर्षांचे सवाई माधवराव पेशवे म्हणून मान्य झाले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेली वसई परत मिळाली. साष्टी मात्र गेली ती गेलीच. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, ठाणे ही सगळी जुनी साष्टी. ती इंग्रजांच्या हाती राहिल्यामुळे मुंबई बेटाला पाठीशी जमीन मिळाली. सालबाईला मराठ्यांचा विजय म्हणताना हे आपण विसरतो, याची मला खंत वाटते.

तहावर पुण्याची मान्यता मात्र लगेच मिळाली नाही. नाना फडणवीसांनी ती सात महिने अडवून धरली. का? तर तहात एक कलम म्हैसूरच्या हैदर अलीचं होतं. त्यानं इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख परत द्यावा, आणि तो देईल हे पेशव्यांनी पाहावं! हाच हैदर पुण्याशी करार करून १७८० मध्ये कर्नाटकात, म्हणजे अर्काटच्या नबाबाच्या तमिळ मुलखात, उतरला होता. त्यानं पोलिलूरला इंग्रजांची एक फौज पार बुडवली होती. ज्याला सोबत घेतलं, त्यालाच लढाई चालू असताना एकटं टाकायचं, हे नानांना जड गेलं. आणि हैदर मैदानात असेतो साष्टीसाठी घासाघीस करायलाही जागा होती. नानांना आपण नुसते कारस्थानी म्हणून ओळखतो. या सात महिन्यांतले नाना मला फार मोठे वाटतात.

७ डिसेंबर १७८२ ला हैदर छावणीतच वारला. २० डिसेंबरला नानांनी तह मान्य केला.

आणि राघोबादादा? ते गोदावरीकाठी कोपरगावला येऊन राहिले. पुढच्याच डिसेंबरात तिथंच त्यांचं निधन झालं.