पाण्यातली कबर

हे बाप्तिस्म्याचं कुंड नीट पाहा. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या शिव्टा या ओसाड गावच्या पडक्या चर्चमधलं. अख्खं एकाच दगडात कोरलेलं, क्रुसाच्या आकाराचं. पावसाचा थेंबन् थेंब टाक्यांत साठवून जगणाऱ्या त्या गावानं हे कुंड भरण्यापुरतं पाणी मात्र राखलं होतं.

बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा विधी, म्हटलं की आधी मनात येतं ते धुणं. मळ जातो, तसं पाप जातं. यात खोटं काही नाही. यार्देन नदीच्या काठी योहान पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता आणि येशू स्वतः त्या पाण्यात उतरला. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं. जहाज बुडालं तरी ग्रीक लोक हाच शब्द वापरत. आणि येशूचा प्रेषित पौल रोमच्या विश्वासणाऱ्यांना लिहितो, की बाप्तिस्मा घेऊन आपण ख्रिस्ताबरोबर त्याच्या मरणात पुरले गेलो.

पुरले गेलो! या शब्दापाशी थांबायला हवं. कुंडात उतरणारा अंघोळीला उतरत नव्हता, स्वतःच्या कबरीत उतरत होता.

आता इटलीतल्या मिलानचं कॅथेड्रल. त्याच्या फरशीखाली उत्खननात सापडलेलं हे कुंड अष्टकोनी आहे. सहा दिवस सृष्टीचे, सातवा विसाव्याचा आणि आठवा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा, म्हणून आठ बाजू. इसवी सन ३८७ मध्ये, ईस्टरच्या रात्री, बिशप अँब्रोजनं इथे, पुढे मोठा ख्रिस्ती धर्मपंडित ठरलेल्या, ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. सोबत ऑगस्टीनचा किशोरवयीन मुलगाही होता. बाप आणि लेक एकाच रात्री नव्यानं जन्मले.

त्या काळी अनेक ठिकाणी उमेदवार आधी पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेला, तोंड करून सैतानाला नाकारायचा. मग पूर्वेकडे वळायचा. जुने कपडे उतरवून पाण्यात. तीनदा बुडायचं. बाहेर आल्यावर पांढरं वस्त्र. मरण एकदाच येतं, म्हणून बाप्तिस्माही एकदाच.

तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी ओततात, तिथेही अर्थ हाच. पाणी कमी असेल तर डोक्यावर तीनदा ओतावं, अशी मुभा अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीनंच दिली होती. बाळाला द्यावा की नाही, यावरून पुढे ख्रिस्ती लोकच एकमेकांवर उठले. १५२७ साली झ्युरिकमध्ये फेलिक्स मांझला प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा दिल्याबद्दल नदीत बुडवून मारलं.

आणि आता ही बाई. कमरेइतक्या पाण्यात उभी आहे. पाळकांचा एक हात तिच्या पाठीशी, दुसऱ्या हातात घडी घातलेला रुमाल, तिच्या नाकाशी धरलेला. तिनं डोळे मिटलेत, बोटं पाळकांच्या मनगटावर घट्ट आवळलीत. पाठीवर पडायचं तर दुसऱ्याच्या हातावर भार टाकावाच लागतो. विश्वास तो हाच.

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं.

पाणी तिच्या चेहऱ्यावर मिटतं. आणि ती वर येते.