उन्हाळ्यातली टेकडी आणि आपली पल्स

नमस्कार मंडळी! पुण्यात सध्या सकाळी साडेआठलाच ऊन चटके द्यायला लागतंय, तरी तळजाई, वेताळ टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, सगळीकडे गर्दी आहेच, आणि रविवारच्या सिंहगडाचं तर विचारूच नका. तक्रार सगळ्यांची एकच, डिसेंबरात याच चढाला पल्स १४० असायची, आता १६० दाखवतीये, फिटनेस गेला की काय? नाही हो, फिटनेस कुठे जात नाही, हार्टचं काम वाढलंय.

बघा, आपण चढतो तेव्हा स्नायूंना मिळालेल्या एनर्जीतली जेमतेम २० ते २५ टक्के चढण्यात खर्च होते, बाकी सगळी उष्णता. ती बाहेर टाकायची म्हणजे गरम रक्त कातडीकडे पाठवायचं. एरवी कातडीला मिनिटाला अर्धा लिटरसुद्धा रक्त लागत नाही, पण अंग खूप तापलं की हा आकडा ७-८ लिटरपर्यंत जाऊ शकतो, आणि शांत बसलेल्या माणसाचं हार्ट मिनिटाला एकूण पंप करतं साधारण ५ लिटर, आता करा हिशोब! त्यात पायाचे स्नायू पण रक्त मागतायत. सोसायटीत सकाळी सातला सगळ्या मजल्यांवर एकदम नळ सुटले की जे होतं तेच इथे होतं, टाकी एकच. मग शरीर पोट आणि किडनीचा सप्लाय कमी करतं, म्हणून तर भर उन्हात पळल्यावर मळमळतं.

खरी गंमत पुढे आहे. कातडीखालच्या शिरा फुगतात, बरंच रक्त तिथेच रेंगाळतं, वर घामातून पाणी गेलेलं, म्हणजे हार्टकडे परत येणारं रक्तच कमी. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, मग तेवढाच सप्लाय द्यायला ठोके वाढवायचे, आणि ठोके वाढले की हार्टला भरायला वेळ अजून कमी! त्यामुळे स्पीड तोच ठेवला तरी दहा-वीस मिनिटांनंतर पल्स हळूहळू चढतच राहते. याला कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट म्हणतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मे महिन्यात किलोमीटरला किती मिनिटं लागली हे बघूच नका, पल्स बघा आणि ती नेहमीच्या रेंजमध्ये राहील एवढंच पळा, लाज वाटली तरी चाला.

आणि ते जॅकेट घालून टेकडी चढणारे काका, कृपा करा! घाम जास्त म्हणजे चरबी जास्त जळली असं काही नसतं. जातं ते पाणी, घरी येऊन तांब्याभर प्यायलं की वजन परत जागेवर. घड्याळ कॅलरी जास्त दाखवतं कारण ते बिचारं पल्सवरून अंदाज बांधतं, त्याला काय माहीत पल्स उन्हाने वाढलीये.

घाम वाळला तरच अंग गार होतं, नुसता टपटप गळून उपयोग नाही. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून एप्रिलचं कोरडं ऊन एक वेळ परवडतं, पण जूनच्या सुरुवातीला ढग भरून आले, हवा दमट झाली की घाम वाळत नाही आणि तापमान कमी असूनही जास्त दम लागतो. २०१९ ला दोहामध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपची महिलांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती, ऊन नव्हतंच, पण उकाडा आणि दमटपणा इतका की ६८ जणींपैकी २८ जणींनी मध्येच रेस सोडली, आणि त्या जगातल्या टॉपच्या धावपटू!

चांगली बातमी म्हणजे शरीर शिकतं. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं तर १०-१४ दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं आणि पल्स उतरते. पण थोडं थोडं हं, आठवडाभर एसीत बसून रविवारी एकदम सिंहगड नाही.

पाण्याचं म्हणाल तर तहानेप्रमाणे प्या, लांबचा पल्ला असेल तर मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक. उगाच नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, ते पण धोक्याचंच. वर पोचल्यावर धपकन थांबू नका, पाय चालत असतात तोवर पिंढऱ्या रक्त वर ढकलतात, एकदम थांबलात तर रक्त पायात उतरतं आणि चक्कर येते.

कोणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, पण ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका, सावलीत घ्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, शुद्ध धड नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जरा लक्ष द्या. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारी गोळी, चालू असेल तर पल्स दाबलेलीच राहते, त्यामुळे घड्याळावर विसंबू नका, चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आधीच कमी होत असतं. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद नाही करायची हं, उन्हाळ्यात डोस बदलायचा का ते डॉक्टरांना विचारायचं. चला, नमस्कार!