काटा झाला की माय येते

नमस्कार मंडळी. मायबहिणींनो, नमस्कार. आणि ओट्यावर रेडिओ कानाला लावून बसलेल्या आजोबांनो, तुम्हालाही. कारण कापसाची वेचणी लागली की लेकरं तुमच्याच गळ्यात असतात.

पहाटे भाकरी थापायची, डबा बांधायचा अन् निघायचं वावरात. परवापर्यंत मायच्या हातानं आंघोळ करणारं लेकरू डोळे उघडतं, तर घरात माय नाही. आपल्यासाठी हा हंगाम. त्याच्यासाठी घरच बदललं.

आमच्या शेजारच्या पोट्टीचं सांगते. चार वर्षांची. गेल्या वर्षी तिची माय वेचायला जाऊ लागली. रडेल म्हणून ती पोरगी झोपेत असतानाच निसटायची. पोरगी उठायची, न्हाणीत डोकावायची, गोठ्यात पाहून यायची आणि ओट्यावर येऊन बसायची. एका पायात चप्पल, दुसरी हातात. रडणं नाही, काही नाही. आजी खूश, पोरगी शहाणी झाली म्हणून. पण रात्री? मायचा पदर मुठीत अन् डोळे टक्क उघडे. आपण झोपलो की माय जाते, एवढं तिला बरोबर कळलं होतं. मग ती झोपेल कशी!

मी तिच्या मायला म्हटलं, बाई, सांगून जा. रडली तर रडू दे, पण सांगून जा. दोन दिवस पोरीनं गल्ली डोक्यावर घेतली. तिसऱ्या दिवशी विचारलं, "कवा येशीन?" माय म्हणाली, पाच वाजता. आता चार वर्षांच्या पोरीला पाच काय अन् सात काय! मग मी शहाणपणा केला. म्हटलं, "गायकी गुरं घेऊन आला की माय येते." जमलं. पांदणीकडून घंटा वाजल्या की पोरगी दुसरी चप्पलही पायात घालायची. मायनं जुन्या लुगड्याची इवलीशी ओटीही बांधून दिली होती तिच्या कमरेला, कापूस वेचताना बांधतात तशी. दिवसभर त्यात चिंचोके जमवायचे अन् माय आली की विचारायची, "तुहा काटा किती झाला? माहा दोन मण!" काटा म्हणजे वेचलेल्या कापसाचं वजन.

एक दिवस गायकी आला. गुरं पाणी प्याली, गोठ्यात गेली, दिवे लागले. माय नाही. त्या दिवशी कापूस जास्त निघालेला, मोजायला उशीर झाला. पोरगी माझ्यासमोर उभी. म्हणाली, "आजी, तुहा गायकी खोटा हाये."

माझी बोलतीच बंद. चूक माझीच होती ना. गायकीचा अन् कापसाचा काय संबंध? माय मोकळी होते ती काटा झाल्यावर. मग दुसऱ्या दिवसापासून तिला तेच सांगितलं: काटा झाला की माय येते. पुढे एकदा चांगला अंधार पडला, मलाच घोर लागला. पोरगी चिंचोके मोजत मला समजावते, "आज कापूस गंजच निघाला असन!"

तर दोनच गोष्टी. सांगून जा. आणि घड्याळ सांगू नका, कशानंतर काय ते सांगा, तेही खरं असेल तेच. पुन्हा सांगते, सांगून जा. मोबाइल हातात देऊन गुपचूप निघणं हेही झोपेत निसटणंच आहे. आणि सकाळी जो कोणी घरी असेल त्यानं मायचाच क्रम ठेवावा: आधी तोंड धुणं, मग वेणी, मग खाणं, मग अंगणवाडी. हात बदलला तरी चालतो, क्रम राहू द्या.

शाळेच्या वेळेचंही तसंच. तीन ते पाच वर्षांच्या लेकराला दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास झोप लागते. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की आपण त्याला एकदम पहाटे ओढून उठवतो. त्यापेक्षा आठवडाभर आधीपासून रोज पंधरा मिनिटं लवकर निजवा. आता विषय निघालाच म्हणून बोलते. 2024 च्या फेब्रुवारीत शासनानंच सांगितलं की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका. हे मुंबई-पुण्याला ठीक. आपल्याकडे विदर्भात एप्रिलात दहा वाजताच टिनाचं छप्पर तापतं. बाकी महाराष्ट्राच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या उन्हापायी त्याहून उशिरा. तेवढं कळतं त्यांना. मग घड्याळही आमचं आम्हाला ठरवू द्या ना! असो, तो माझा जुना राग आहे.

काचेपलीकडून खूण होऊन राहिली, वेळ संपली म्हणून. उद्या पहाटे वावरात जाणार असाल, तर आज रात्री जेवतानाच लेकराला सांगून ठेवा. आणि काटा कुठे होतो ती जागा एकदा त्याला दाखवून आणा. नमस्कार.