सही गुरुजींची, परवाना काउंटीचा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न झालं. सप्तपदी झाली, सूनमुख झालं, पंगतीची गडबड सुरू झाली आणि एवढ्यात गुरुजी मला शोधत आले. सोवळ्यावर जाकीट, बोटांना हळद, हातात काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कचेरीनं, दिलेला लग्नाचा परवाना. "मामा, साक्षीदाराची सही राहिली हो तुमची. आणि काळं पेन बघा कुणाकडे." त्यांच्या अंगठ्याची हळद कागदाच्या कोपऱ्याला लागली. पुसायला गेले तर आणखी पसरली. तो कागद तसाच क्लार्कच्या ऑफिसात गेला.

त्या पाच मिनिटांत गुरुजी सरकारी काम करत होते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी परवाना देते काउंटी, पण लग्न लागल्याची सही धर्मगुरूची चालते. चर्चमधला पाद्री तर उघडच म्हणतो, "या राज्यानं मला दिलेल्या अधिकारानं..." उभा देवासमोर आणि हवाला राज्याचा! समलिंगी विवाहावरून इथं जे रान पेटलं, त्यातला निम्मा गोंधळ मला या एका वाक्यात दिसतो.

फ्रान्सनं ही गाठ 1792 मध्येच सोडवली. कायद्याचं लग्न मेअरच्या कचेरीत, चर्चमध्ये जायचं ते त्यानंतर. 2013 मध्ये तिथं समलिंगी विवाहाचा कायदा झाला तेव्हा विरोधात मोठाले मोर्चे निघाले, पण चर्चमधल्या विधीला कायदा शिवलासुद्धा नाही. कॅनडाच्या 2005 च्या कायद्याचं तर नावच नागरी विवाह कायदा. धर्मगुरूंना आपल्या श्रद्धेविरुद्ध लग्न लावायला नकार देता येईल, हे त्यातच लिहून ठेवलंय.

इथं 26 जून 2015 ला सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला आणि समलिंगी जोडप्यांना सगळ्या राज्यांत परवाना मिळू लागला. कुठल्या गुरुजींवर, मौलवींवर किंवा पाद्र्यावर त्यानं सक्ती आली नाही. गडबड झाली ती उलट बाजूनं. केंटकीतल्या एका काउंटी क्लार्कबाईंनी स्वतःच्या श्रद्धेपायी परवाने देणं थांबवलं आणि काही दिवस तुरुंगात काढले. श्रद्धेचा मान आहेच हो, पण सरकारी खिडकीमागे बसल्यावर आपण पुरोहित नसतो. पुढे अलाबामात काही न्यायाधीशांनी परवाने देणंच बंद केलं, तेव्हा 2019 मध्ये त्या राज्यानं परवानाच काढून टाकला. आता तिथं दोघांनी फॉर्म भरायचा, नोटरी करायचा, जमा करायचा. सरकारदरबारी विधीची अट नाही. हेतू काही का असेना, मला ही पद्धत सगळ्यात स्वच्छ वाटते.

काही वर्षांपूर्वी मी याच मंडळात वाद घालायचो की 'विवाह' हा शब्द धर्माला देऊन टाका आणि सरकारनं सगळ्यांना नुसता 'नागरी करार' द्यावा. आता तसं म्हणत नाही. शब्द बदलला की कागद दुसऱ्या खिडकीवर जातो. 2000 मध्ये व्हरमाँट राज्यानं समलिंगी जोडप्यांना 'सिव्हिल युनियन' दिलं, पण वॉशिंग्टनच्या, म्हणजे संघराज्य सरकारच्या, हिशेबात ते लग्न नव्हतं. एडिथ विंडसर यांनी तर 2007 मध्ये टोरांटोत रीतसर लग्न केलं होतं. तेही वॉशिंग्टननं मानलं नाही. 2009 मध्ये जोडीदारीण गेली आणि वारसा कर आला 3,63,053 डॉलर. तिच्या जागी नवरा असता तर शून्य. 2013 मध्ये त्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या. लग्न झालंय की नाही यावर अवलंबून असलेल्या संघराज्याच्या कायद्यांतल्या तरतुदी सरकारी हिशेब तपासनिसांनी 2004 मध्ये मोजल्या, त्या 1,138 भरल्या.

खरं तर आपल्या भाषेनं हे दोन्ही केव्हाच वेगळं ठेवलंय. लग्न 'लागतं', अंतरपाट सरकला आणि अक्षता पडल्या की. विवाह 'नोंदवतात'. आणि लग्न लावायचं कुणी, हा वादही आपल्याला नवा नाही. 1873 च्या डिसेंबरात सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय लग्न लावलं, तेव्हा हे लग्न नव्हेच म्हणणारे होतेच की.

पण नुसतं वेगळं करून भागत नाही, हे भारतात दिसलं. समलिंगी विवाहासाठीच्या तिथल्या याचिकांचा मुख्य भर 1954 च्या विशेष विवाह कायद्यावर, म्हणजे धर्माच्या विधीशिवाय होणाऱ्या नोंदणी लग्नाच्या कायद्यावर होता. धर्माच्या कायद्यांत शिरायचं नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टानं सुरुवातीलाच ठरवलं. तरी 17 ऑक्टोबर 2023 ला उत्तर नकाराचंच आलं.

आता घरचं. आपल्या हॉलच्या फॉर्मवर अजून 'वराचे नाव' आणि 'वधूचे नाव' असे दोनच रकाने आहेत. मार्चमध्ये एक अर्ज आला, त्यात 'वराचे' खोडून वर बारीक अक्षरात 'वधूचे' लिहिलं होतं. समितीनं तो तीन बैठका पुढे ढकललाय. विधी कोण करणार, करणार की नाही, ते त्या मुली आणि गुरुजी बघून घेतील. आपल्याकडे मागितलाय तो हॉल, शनिवारी, चार तासांसाठी. चिटणीसबाई, पुढच्या बैठकीत हा अर्ज पहिला घ्या.