पुढची कुठली?

[दृश्य: परळ. चाळीच्या तळमजल्यावरची मंडळाची खोली. छतावरून लोंबणारा बल्ब, त्याखाली कॅरम बोर्ड.]

गिरणगावात कॅरम न खेळलेला माणूस शोधूनच काढावा लागेल. मे महिन्यात बोर्ड गॅलरीत लागतो, गणपतीच्या आधी मंडळाच्या खोलीत लागतो. "एकच बोर्ड टाकू" म्हणून बसलेली मंडळी जेवायला चार हाका आल्याशिवाय उठत नाहीत. तीस-तीस वर्षं खेळणारी माणसं या गल्लीत आहेत. हात मात्र कॉलेजात होता तिथेच. तेव्हा जमणारा शॉट आजही जमतो आणि तेव्हा चुकणारा आजही चुकतो.

याचं कारण असं, की ही सगळी माणसं खेळली. सराव कुणी केला नाही.

[दृश्य: तीच खोली, संध्याकाळ. चार बोर्ड, शाळेतून थेट आलेली मुलं, कोपऱ्यात दप्तरं.]

इथे शिकवणारे सर एका बँकेच्या संघातून खेळले आणि आता निवृत्त झालेत. नवीन मुलाच्या हातात ते लगेच स्ट्रायकर देत नाहीत. आधी खुर्चीवर बसवतात. पाय जमिनीला टेकलेत का, खांदा वर चढलाय का, डोकं नेमाच्या रेषेवर आहे का, हे बघतात. मुलं कंटाळतात, पण यामागे नियम आहे. स्पर्धेत बोर्ड, म्हणजे डाव, सुरू असताना खुर्ची इकडेतिकडे सरकवता येत नाही, उठून वाकून मारता येत नाही. घरी आपण अर्धे बोर्डावर आडवे होऊन कट, म्हणजे सोंगटीच्या बाजूला लागणारा तिरका शॉट, मारतो आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतो. तो कट स्पर्धेच्या खुर्चीवरून लागत नाही.

मग बोटं. कुणी तर्जनीने सरळ मारतं, कुणी कात्रीसारखी दोन बोटं अडकवून सोडतं, कुणी अंगठा आणि मधल्या बोटात स्ट्रायकर हलकेच धरून तर्जनीने टिचकी देतं. सर यातलं काहीच बदलत नाहीत. ते फक्त नखाकडे बघतात. नख स्ट्रायकरच्या जवळजवळ टेकलेलं हवं. लांबून येणारं बोट जोर देतं, पण दिशा खातं.

[दृश्य: जवळून. पांढरी सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी. स्ट्रायकर येतो. दोन्ही आत.]

आता हे बघा. सोंगटी गेली, मागोमाग स्ट्रायकरही गेला. सोंगटी पुन्हा बाहेर, वर एक दंडाची. घरोघरी यावर "नशीबच फुटकं" असा निकाल लागतो. नशिबाचा यात काही संबंध नाही. सोंगटीचं वजन जेमतेम ५ ते साडेपाच ग्रॅम असतं, स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत चालतो. बिलियर्ड्समध्ये चेंडू सारख्या वजनाचे, त्यामुळे समोरासमोर टक्कर झाली की मारलेला चेंडू जागच्या जागी थांबू शकतो. इथे स्ट्रायकर जवळपास तिप्पट जड आहे. अगदी नाकासमोर धडकला तरी त्याचा साधारण निम्मा वेग शिल्लक राहतो आणि तो सोंगटीच्या वाटेनेच पुढे जातो. पॉकेटचा व्यास सुमारे साडेचार सेंटीमीटर, स्ट्रायकरचा सव्वाचारच्याही आत. त्याला आत जायला कोण अडवणार?

उपाय दोन. एकतर मार इतका मोजका, की सोंगटी पडेपर्यंत स्ट्रायकर दमतो. नाहीतर बेसलाइनवर, म्हणजे स्ट्रायकर ठेवायच्या रेषेवर, थोडं सरकायचं आणि सरळ शॉटचा बारीकसा कट करून घ्यायचा. दुसरा उपाय ऐकायला सोपा, पण हात पुन्हा पुन्हा सरळ रेषेकडेच ओढ घेतो. ती खोड मोडायला समोर बघणारं माणूस लागतं. स्वतःची खोड स्वतःला दिसत नाही.

[दृश्य: बारा-तेरा वर्षांची मुलगी, एकटी. समोरची खुर्ची रिकामी. शेजारी वही.]

ही मुलगी आज कुणाशीच खेळणार नाहीये. डावीकडचा लांबचा कट तिला जमत नाही, म्हणून आज तेवढंच. सोंगटी पॉकेटपासून वीतभर अंतरावर. स्ट्रायकर बेसलाइनच्या एका टोकाला ठेवायचा, मारायचा, जरासा सरकवायचा, पुन्हा मारायचा. दुसऱ्या टोकापर्यंत. वहीत किती पडल्या ते नाही, किती चुकल्या आणि कशा, ते लिहायचं. "कट जास्त." "कट जास्त." "कट कमी." पानभर "कट जास्त" दिसलं, की सर तिला नेमाची जागा केसभर बदलायला लावतात. पॉकेट आणि सोंगटीचा मध्य जोडणारी रेषा मागे वाढवली, की ती सोंगटीच्या पाठीवर जिथे येते तिथे स्ट्रायकर टेकायला हवा. मुलगी मात्र पॉकेटकडे बघत मारत होती.

पावसाळ्याची वेगळी कटकट. जून लागला की मुंबईची दमट हवा प्लायवूडमध्ये शिरते आणि बोर्ड जड होतो. मग लोक मूठमूठ बोरिक पावडर ओततात. ती दमटून चिकटते, बोर्ड आणखीच रडतो. इथे खेळायच्या आधी बल्ब खाली ओढून बोर्ड तापवतात, सुती कापडाने पुसतात आणि चिमूटभरच पावडर पसरतात.

[दृश्य: सर मुलीच्या मागे उभे. स्ट्रायकर ठेवलेला.]

"पुढची कुठली?"

हा प्रश्न सर प्रत्येक शॉटच्या आधी विचारतात. ही सोंगटी तर पडेल, त्यानंतर कुठली? तिला अडवून कोण बसलंय? राणी घेतलीस तर लगेच कव्हर, म्हणजे तिच्या मागोमाग आपली सोंगटी, कुठून देणार? उत्तर आलं नाही तर शॉट मारायचा नाही. मला विचाराल तर शिकवणीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. नेम अनेकांकडे असतो. स्पर्धेत एका शॉटला १५ सेकंद मिळतात, तेव्हा विचार समोरच्याच्या पाळीतच करून ठेवावा लागतो.

घरी आपण काळीला १०, पांढरीला २०, राणीला ५० धरतो. त्यामुळे दिसली सोंगटी की घाल, ही सवय लागते. स्पर्धेत हिशेब वेगळा. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण आणि राणी घेतली असेल तर तिचे ३. गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा. तिथे आपली सोंगटी घालण्याइतकंच त्याची अडवून ठेवणंही कामाचं. आणि पहिल्याच पाळीत आपल्या नऊही पांढऱ्या आणि राणी साफ केली, तर त्याला 'ब्रेक टू फिनिश' म्हणतात. समोरच्याला बोट उचलायलाही मिळत नाही.

[दृश्य: भिंतीवर वर्तमानपत्रांची कात्रणं.]

मुंबईच्या प्रशांत मोरेने २०१८ मध्ये दक्षिण कोरियात विश्वचषक जिंकला. चेन्नईची काझिमा २०२४ मध्ये अमेरिकेतून तीन सुवर्णपदकं घेऊन आली. वडील रिक्षाचालक, कॅरमचे धडेही त्यांच्याचकडे. कात्रणं पिवळी पडलीत, पण नवीन मुलांचे पालक ती हमखास वाचतात. त्यांचा पुढचा प्रश्न नोकरीचा असतो. बँका आणि सरकारी कंपन्यांनी खेळाडू घेतले, त्यावरच या शहराचं कॅरम बरंचसं तगलं, त्यामुळे प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. सर तो ऐकून घेतात आणि आधी खुर्ची दाखवतात.

[दृश्य: वही मिटलेली. मुलगी स्ट्रायकर डबीत ठेवते.]

रविवारी तिची स्पर्धा आहे. बोर्ड सुरू झाला की बाहेरून एक शब्द सांगायची परवानगी नाही.

"मी येत नाही गं," सर म्हणतात. "प्रत्येक शॉटला माझ्याकडे बघत बसशील."

"या ना, सर. फक्त माझ्या पाठीमागे बसा."