दाय फॉंगची बरणी

नमस्कार, श्रोतेहो. व्हिएतनाममध्ये शब्दांचा एक खेळ चालतो, 'नॉय लाय'. दोन शब्दांचे तुकडे आपसांत बदलायचे. 'का दोय' हा मासा. शेपट्या बदला, 'कोय दा'. झालं दगडी उखळ!

पण माझी आवडती गोष्ट चांग क्विन्हची. तो तिकडचा बिरबलच म्हणा. गादी ले राजाची, कारभार त्रिन्ह घराण्याचा. आपलं सातारा-पुणे आठवा. तर या त्रिन्ह कारभाऱ्याच्या तोंडाची चव गेली. जाणारच! लग्नात पंचवीस पदार्थ मांडतात आणि पाहुणा ताकभात शोधत फिरतो, त्यातलाच प्रकार. क्विन्ह म्हणाला, "दगडाचे कोंब खाल्लेत कधी? या घरी."

कारभारी आले. दगड शिजतोय. तास गेला, अजून शिजतोय. पोटात कावळे कोकलू लागले. "कोंब कच्चेच आहेत हो, तोवर चार घास घ्या," म्हणत क्विन्हनं भात, उकडलेला पाला आणि एका बरणीतलं कालवण वाढलं. भुकेला कोंडा! कारभारी बोटं चाटत राहिले. बरणीवर लिहिलेलं, 'दाय फॉंग'. हे काय पक्वान्न?

"दाय फॉंग म्हणजे मोठा वारा. मोठ्या वाऱ्यानं देऊळ पडतं. देऊळ पडलं की मूर्तीला काळजी. काळजीतली मूर्ती म्हणजे 'तुआंग लो'. फिरवा की, 'लो तुआंग'!" लो तुआंग म्हणजे तुआंगची बरणी. तुआंग म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, गरिबाघरचं तोंडीलावणं.

आता कान द्या. 'तुआंग लो' म्हणताना पहिला शब्द खाली दाबून घशात तोडतात, दुसरा सपाट. फिरवल्यावर 'लो' दाबलेला, 'तुआंग' सपाट. शब्दांनी जागा बदलल्या, सूर जागचा हलला नाही. पुन्हा सांगतो, सूर हलला नाही. हनोईच्या बोलीत असे सहा सूर. सपाट 'लो' म्हणजे काळजी, दाबलेला 'लो' म्हणजे बरणी. म्हणजे सूर हा अक्षराला चिकटलेला रंग नव्हे, तो सुटा निघतो. हे तिथल्या पोरांना व्याकरण न शिकता कळतं.

आपल्या पोरांनाही कळायचं. च ची भाषा! (शाळेत ती बोललं की छडी मिळायची. खरं तर गुण द्यायला हवे होते.) 'कुठे'चं 'चुठेक'. 'क' पळाला, उकार तिथेच बसला.

बरं, वेळ संपली. श्रोतेहो, चमस्कारन!