मोटर विकत मिळते, सांधा घडवावा लागतो

मंडळी, मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडी थांबते, ती फक्त वडापावसाठी नाही. मागून बँकर इंजिनं लागतात. बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की 1 मीटर वर. पुढच्या इंजिनाला एकट्याला तो भार झेपत नाही, म्हणून मागून ढकलायचं. लोणावळ्याला काम संपलं की ती इंजिनं सुटी होतात. मी सायकलीला मागून ढकलणारा ट्रेलर केलाय. तो म्हणजे सायकलीचं बँकर इंजिन. मोटर, बॅटरी, चाक, सगळं त्याच्यात. चढ असेल त्या दिवशी लावायचा, नसेल तेव्हा घरी ठेवायचा.

फरक एकच, पण तोच नडतो. रेल्वेला रूळ असतात. मागून कितीही रेटा, डबा रूळ सोडून वळत नाही. सायकलीला रूळ नाहीत. म्हणून आज मी मोटरबद्दल थोडं आणि सांध्याबद्दल, म्हणजे ट्रेलर सायकलीला जोडतो त्या जागेबद्दल, जास्त बोलणार आहे. ज्यांना फक्त मोटरचा भाव हवाय त्यांनी नंतर चहाच्या वेळी विचारा.

आधी हा उद्योग का केला ते सांगतो. माझी सायकल काळी, 28 इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची. वडिलांची आहे. मंडईतून भाजी घेऊन कोथरूडला परतताना पौड रस्त्याचा चढ लागतो, आणि टूलरूममध्ये उभं राहून काढलेली तीस वर्षं गुडघ्यांच्या लक्षात आहेत. मुलगा म्हणाला, चाकातच मोटर बसवा. पण बाजारातली किटं या चाकाला धड बसत नाहीत, आणि वडिलांच्या सायकलीचा मागचा चिमटा ताणून रुंद करायला माझा हात धजला नाही. ट्रेलरसाठी तिला एक भोकसुद्धा पाडावं लागलं नाही.

आता हिशोब. मी 70 किलो, सायकल 20, ट्रेलर 20, म्हणजे 110. दर 100 मीटरला 5 मीटर चढ धरा. वजनाचा विसावा भाग, साडेपाच किलो, चढ मागे ओढतो. टायरच्या घर्षणाचा किलोभर धरा. म्हणजे मागून साडेसहा किलोचा रेटा हवा. एवढा रेटा ताशी 12 किलोमीटरला द्यायचा तर साधारण 210 वॅट लागतात. 250 वॅटची हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, पुरते, आणि पाय मारले तर चांगलीच पुरते. चाक मात्र लहान घ्या. माझं 16 इंची आहे, म्हणजे एका फेऱ्यात सव्वा मीटरच्या आसपास. तीच मोटर, तेवढेच फेरे, पण 26 इंची चाकात वेग जास्त आणि रेटा कमी. आपल्याला शर्यत लावायची नाही, चढ चढायचा आहे.

इथे एक गंमत झाली. मी आधी लिथियमची हलकी बॅटरी लावली होती. ट्रेलर हातात उचलून सगळ्यांना दाखवायचो. पहिल्याच पावसात चढावर चाक जागीच गरगरायला लागलं. साडेसहा किलोचा रेटा द्यायचा तर कोरड्या रस्त्यावर त्या चाकावर अकरा-बारा किलो भार हवा. ओल्या, चिखल पसरलेल्या रस्त्यावर त्याहून बराच जास्त. मग तापकीर गल्लीतून यूपीएसच्या 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरच्या तीन शिशाच्या बॅटऱ्या आणल्या, 36 व्होल्टची माळ केली आणि थेट चाकावर ठेवली. सात किलो वाढले आणि चाक गपगुमान चालायला लागलं. वजनाला सगळे शिव्या देतात, इथं ते कामाला आलं. मात्र डब्यावर लिहिलेले 7 अँपिअर-अवर खरे धरू नका. तो आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा आहे. आपण तासाभराच्या हिशोबानं उपसतो, तेव्हा चारेक हाती लागतात. भर चढावर अर्धा-पाऊण तास. मला तेवढं पुष्कळ.

वजन कुठं ठेवायचं हे आपल्या गाडीवानांना कधीचं माहीत आहे. बैलगाडीत माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढं जास्त झाला की धुराळ, बैलांच्या मानेवर ओझं. ट्रेलर किंचित धुराळ हवा, दांडीवर दोन-तीन किलो. उलाळ झाला तर तो सायकलीचं मागचं चाक उचलायला बघतो.

आता सांधा. पहिला ट्रेलर मी सीटखालच्या नळीला जोडला, वेल्डिंगला हात सहज पोचतो म्हणून. आळस, दुसरं काही नाही. सरळ रस्त्यावर झकास चालला. मग एका वळणावर, पहिल्या पावसाच्या ओल्या डांबरावर, मी डावीकडे वळलो आणि ॲक्सिलरेटर सोडला नाही. काय होतं बघा. सायकल डावीकडे वळली, पण ट्रेलर अजून जुन्याच दिशेला तोंड करून रेटतोय. दोघांत 30 अंशांचा कोन झाला की रेट्याचा अर्धा भाग आडवा जातो, सायकलीला वळणाच्या बाहेर लोटतो. मागचं चाक बाहेर सरकलं की कोन वाढतो, कोन वाढला की आडवा रेटा वाढतो. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवायला वेळ मिळत नाही. त्यात सांधा सीटपाशी, म्हणजे धक्का उंचावर. सायकल आत कललेली, धक्का बाहेर. कोपर आणि अर्धा किलो टोमॅटो, एवढ्यावर निभावलं.

ओढला जाणारा ट्रेलर वळणावर आपोआप मागोमाग येतो. ढकलणारा येत नाही. बैलगाडीत बैल पुढं असतो त्याला कारण आहे, आणि आपण तर गाडीलाच बैलाला ढकलायला लावलंय. म्हणून दोन गोष्टी पाळा. सांधा खाली, मागच्या आसाच्या उंचीवर, आसाच्या जितका जवळ जमेल तितका. आणि वळणावर मोटर बंद.

माझा ट्रेलर एकचाकी आहे. आसाच्या दोन्ही टोकांना धरणारा चिमटा, त्याच्या मागं एक उभी खीळ. ट्रेलर डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, पण सायकल कलली की तिच्याबरोबर कलतो. दोनचाकी करायचा असेल तर उलट. ट्रेलर आडवाच राहणार, सायकल कलणार, म्हणून सांध्याला पीळ घ्यायची मोकळीक हवी. आणि मोटर एकाच चाकात असेल तर ते चाक सांध्याच्या रेषेत आणा, नाहीतर ट्रेलर कायम एका अंगाला ओढत राहील.

खिळीत खेळ ठेवू नका. मोटर चालू असताना सांधा दाबला जातो, ब्रेक मारताना ट्रेलर धावून येतो, उतारावर कधी ताणला जातो. प्रत्येक बदलाला खट् आवाज येतो. साधा बोल्ट आणि साधं भोक असेल तर महिनाभरात भोक अंडाकृती होतं. मी नाना पेठेतून स्कूटरचे रबरी बुश आणले, दहा मिनिटांत दाबून बसवले. आवाज गेला. शिवाय एक नायलॉनचा पट्टा सायकलीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. खीळ तुटली तर ट्रेलर निदान एकटा मंडईत जाणार नाही.

दुसरा सांधा दिसत नाही. तो वायरीचा. ॲक्सिलरेटरच्या तीन वायरी असतात: पाच व्होल्टची लाल, अर्थची काळी आणि सिग्नलची. ट्रेलर वळेल तशी ही जुडी वळते, रोज, शेकडो वेळा. काळी तुटली तर मोटर बंद पडेल असं तुम्हाला वाटेल. उलटं होतं. सिग्नलला खाली ओढणारं कुणी उरत नाही, तो वर चढतो, आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, समजतो की मुठीला पूर्ण पीळ दिलाय. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मी सायकलीवरून उतरून उभा होतो. ती माझ्या हातातून निसटून वॉचमनच्या खुर्चीवर गेली. वॉचमन पाणी भरायला गेला होता हे माझं नशीब. तेव्हापासून जुडी सैल वेटोळ्यात ठेवतो. मोटर तोडणारी कळ सळईच्या ब्रेकवर मिळत नाही, म्हणून मुठीखाली एक मायक्रोस्विच बसवलाय. ब्रेक जरा दाबला की मोटर गप्प. आणि बॅटरीपाशी लाल दोरीची एक किल्ली, ती माझ्या मनगटाला बांधलेली.

कायद्याचं थोडक्यात. 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या बॅटरीच्या वाहनाला नोंदणीतून सूट आहे, पण आपल्या टेकडीवरच्या, वाहनं तपासणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेनं ते मॉडेल तपासलेलं असावं लागतं. घरी केलेल्या वस्तूला असा कागद नसतो. मर्यादा ओलांडू नका, आणि हमरस्त्यावर मिरवायला नेऊ नका.

मागून कुणीतरी विचारतंय, ट्रेलर आणलाय का. आणलाय, खाली पार्किंगमध्ये आहे. बघा, उचलून बघा, पण मूठ पिळू नका. किल्ली माझ्याकडे आहे, तरीही नका पिळू.